स्वमग्न मुले वयात येतात तेव्हा

मुलगा किंवा मुलगी वयात येणे ही मराठी घरात बहुधा न बोलता पार पडणारी गोष्ट आहे. आई मुलीला दोन वाक्यांत काय ते सांगते. मुलाला तेवढेही कोणी सांगत नाही. तरीही बहुतेक मुले आपापला मार्ग काढतात. मधल्या सुट्टीतील कुजबुज, थोरल्या मावसबहिणीने कानात सांगितलेले, चित्रपट, विनोद, मोबाईल अशा आडवाटांनी त्यांना अर्धेमुर्धे, कधी चुकीचे, पण काहीतरी ज्ञान मिळते. कुठे काय बोलू नये, कोणाकडे किती वेळ पाहावे, दार कधी लावून घ्यावे हे ती इतरांच्या चेहऱ्यांवरून शिकतात.

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांना नेमकी हीच आडवाट बंद असते. सूचक बोलणे, डोळ्यांची खूण, आवाजातील चढउतार यांतून अर्थ काढणे त्यांना अवघड जाते. मित्रमंडळी कमी असतात, त्यामुळे कुजबुजही कानावर येत नाही. जे शिक्षण समाज इशाऱ्यांनी देतो, ते इशारे न कळणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच या मुलांसाठी लैंगिक शिक्षण ही चैन नसून निकड आहे. ते वेळेवर, साध्या आणि नेमक्या शब्दांत द्यावे लागते. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात आज हे काम मुख्यतः पालक आणि मोजके विशेष शिक्षक यांच्यावर येऊन पडले आहे.

शरीराचे वय आणि 'मनाचे वय'

ऑटिझम ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता आहे. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या नोंदींवरून तिचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्परगर यांनी अशाच मुलांविषयी लिहिले. संवादातील व सामाजिक देवाणघेवाणीतील अडचणी, ठरावीक गोष्टींचा व क्रमाचा आग्रह, आवाज, प्रकाश, स्पर्श यांची कमी-अधिक संवेदनशीलता ही तिची मुख्य लक्षणे होत. काही मुले अजिबात बोलत नाहीत, तर काही महाविद्यालयापर्यंत उत्तम गुण मिळवतात. काहींना बौद्धिक अक्षमता असते, अनेकांना नसते. त्यामुळे सर्वांना लागू पडेल असा एकच धडा असू शकत नाही.

मात्र एक गोष्ट सर्वांना समान आहे. शरीर आपल्या वेळेवरच वाढते. मुलींमध्ये साधारणपणे ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात पौगंडावस्थेची पहिली चिन्हे दिसू लागतात. मूल बोलते की नाही, लिहिते की नाही याची वाट शरीर पाहत नाही. 'अंगाने वाढला, पण मनाने पाच वर्षांचाच आहे' हे वाक्य पालकांच्या तोंडी नेहमी येते. ते मायेने म्हटलेले असते, पण त्याच्या आडून पुढचा सगळा विषय टाळला जातो. पाच वर्षांच्या बालकाला कसले आले लैंगिक शिक्षण, असा विचार होतो आणि तयारीची मोलाची वर्षे निघून जातात.

या 'मनाच्या वया'चा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. सेरेब्रल पाल्सी असलेल्या दिल्लीतील एका ३८ वर्षांच्या महिलेवर अत्याचार झाला. तिचे मानसिक वय लहान मुलाचे असल्याने तिला बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचे, म्हणजे पॉक्सोचे संरक्षण मिळावे, अशी मागणी होती. न्यायालयाने २०१७ मध्ये ती अमान्य केली. त्या कायद्यातील वय म्हणजे शरीराचेच वय, असा निर्णय झाला. याचा व्यावहारिक अर्थ पालकांनी नीट समजून घ्यावा असा आहे. घरच्यांच्या दृष्टीने मूल कितीही लहान असो, अठराव्या वाढदिवशी त्याच्याभोवतीचे ते खास कवच संपते. इतर कायदे असतात, पण त्यानंतर त्याला स्वतःलाच नकार देता यावा लागतो आणि झालेले सांगता यावे लागते.

शिरूरच्या मुलींचे प्रकरण

शिकवण्याऐवजी दुसराच मार्ग पत्करला तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथे तेव्हाच्या भाषेत 'मतिमंद' म्हटल्या जाणाऱ्या मुलींसाठी शासकीय वसतिगृह होते. फेब्रुवारी १९९४ मध्ये तेथील दहाहून अधिक मुलींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. या मुलींना पाळीची स्वच्छता राखता येत नाही आणि त्यांना नको असलेल्या गर्भधारणेचा धोका आहे, अशी कारणे देण्यात आली. स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतील कार्यकर्त्यांनी कडाडून विरोध केला. राज्यभर वाद झाला, उरलेल्या शस्त्रक्रिया थांबवण्यात आल्या आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले.

त्या वादात उपस्थित झालेले मुद्दे आजही तितकेच खरे आहेत. गर्भाशय काढल्याने गर्भधारणा टळते, अत्याचार टळत नाही. उलट त्याचा एक उघड पुरावा नाहीसा होतो. पाळी सांभाळण्यासाठी लागणारे पाणी, कपडे, मदतनीस आणि शिकवण यांची सोय करणे ही संस्थेची जबाबदारी होती. तिचा भार मुलींच्या शरीरावर टाकला गेला. शिरूरच्या मुलींमध्ये कोणी स्वमग्न होती का, हे विचारण्याची त्या काळी रीतच नव्हती. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यातही ऑटिझमचा उल्लेख नव्हता. तो १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत ऑटिझमला स्वतंत्र स्थान दिले.

गर्भाशय काढून टाकण्याविषयीची विचारणा मात्र अजूनही डॉक्टरांपुढे होते. थकलेली आई ती करते तेव्हा तिच्यावर रागावण्यात अर्थ नसतो. तिला कोणीच दुसरा मार्ग शिकवलेला नसतो. तो मार्ग मात्र आहे.

पाळीची तयारी

पहिली पाळी येण्याच्या वर्षभर आधीपासून तयारी सुरू करावी. सुरुवात शब्दांपासून होते. मराठीत पाळीसाठी आडवळणाचे शब्द पुष्कळ. 'कावळा शिवला', 'अडचण आहे', 'बाहेरची आहे'. शब्दाचा शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलीला 'कावळा शिवला' म्हटले तर ती कावळा शोधील किंवा कावळ्यालाच भिऊ लागेल. 'पाळी आली, म्हणजे शूच्या जागेजवळून चार-पाच दिवस रक्त येते. लागलेले नाही, दुखापत नाही, दर महिन्याला येते' हे वाक्य तिला कळते. योनी, स्तन, लिंग हे शब्द नाक, कान, गुडघा यांच्यासारखेच शिकवावेत. पुढे डॉक्टरांना किंवा पोलिसांना काही सांगण्याची वेळ आली, तर तिच्यापाशी शब्द असतील.

त्यानंतर सराव. आठवड्यातून एकदोन दिवस कोरडा पॅड लावून बसण्याची सवय करावी. स्पर्शाची संवेदनशीलता असलेल्या मुलीला प्लॅस्टिकचा थर, चिकटपट्टी किंवा सुगंध असह्य होऊ शकतो. तिला मऊ सुती घडी किंवा पाळीसाठीची खास चड्डी बरी वाटू शकते. चड्डीवर पॅडच्या आकाराची रेघ शिवून ठेवली की तो कुठे लावायचा ते दिसते. लाल रंगाचे पाणी टाकलेला पॅड बदलणे, कागदात गुंडाळणे, कचऱ्याच्या डब्यात टाकणे, हात धुणे अशा पायऱ्यांची चित्रे ओळीने न्हाणीघराच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावीत. चित्रांचा क्रम हा ऑटिझमच्या शिक्षणातील जुना आणि भरवशाचा आधार आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९७२ मध्ये सुरू झालेल्या 'टीच' कार्यक्रमाने तो जगभर पोहोचवला. कॅलेंडरवर तारखा रंगवून ठेवल्या की 'केव्हा' या प्रश्नाचेही उत्तर मिळते. पाणी काही दिवसांआड येण्याची सवय असलेल्या शहरात या दिवसांसाठी एक भरलेली बादली राखून ठेवणे हाही तयारीचाच भाग. क्रम मोडला की मुलगी बिथरते.

दुखणे सांगता न येणारी मुलगी पाळीच्या आधी डोके आपटते, चावते, रात्रभर जागते. घरचे याला 'हट्ट वाढला' म्हणतात. तीन-चार महिने तारखा आणि वागणूक यांची वही ठेवली तर संबंध लक्षात येतो आणि साध्या वेदनाशामकानेही फरक पडू शकतो. किशोरवयात काही स्वमग्न मुलांना प्रथमच फिट्स येतात, हेही ध्यानात ठेवावे. वागणूक सावरण्यासाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून मुलींची पाळी अनियमित होऊ शकते, तर मुलांची छाती वाढू शकते. असे दिसल्यास औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

'बाहेर बसण्या'ची रूढी जेथे पाळली जाते तेथे आणखी एक गुंता होतो. एरवी चालणारे स्वयंपाकघर आज का चालत नाही, याचे उत्तर मुलीला मिळत नाही. नियम महिन्यातून चार दिवस बदलतो, एवढेच तिला दिसते आणि ती घाबरते. शिवाशिव न पाळणे हा येथे सुधारणेचा मुद्दा तर आहेच, पण मुलीच्या स्वास्थ्याचाही आहे.

मुलग्यांचे काय?

मुलींच्या बाबतीत निदान पाळी दिसते, म्हणून कोणीतरी बोलते. मुलग्यांच्या वाट्याला संपूर्ण मौन येते. झोपेत वीर्यस्खलन झाले की मुलगा अंथरूण ओले केले म्हणून रडतो, किंवा आपल्याला काही रोग झाला असे समजतो. लिंगाला ताठरता येते ती कुठेही येते, वर्गात, देवळात, पाहुण्यांसमोर. ही शरीराची नेहमीची क्रिया आहे, ती थोड्या वेळाने जाते, तेव्हा बसून राहावे किंवा दप्तर मांडीवर घ्यावे, एवढे कोणी सांगितले तरी त्याची भीती जाते. हे काम वडिलांनी, मामांनी किंवा थोरल्या भावाने करावे. सतरा वर्षांच्या मुलाला अजून आईच अंघोळ घालते, अशी घरे पुष्कळ आहेत. ज्या मुलाने आपले शरीर सर्वांनी हाताळावे हेच पाहिले, त्याला खासगीपणा कसा कळावा?

हस्तमैथुन हा पालकांना सर्वांत लाजवणारा विषय आहे. त्यापासून शारीरिक अपाय होत नाही, अशक्तपणा येत नाही, बुद्धी जात नाही. मार देऊन किंवा हात बांधून ते थांबत नाही. शिकवायचे ते स्थळ आणि काळ. 'हे एकट्याने, दार लावून, न्हाणीघरात किंवा आपल्या खोलीत. वर्गात, रिक्षात, अंगणात नाही' हा नियम चित्रासह, एकाच शब्दांत, घरात आणि शाळेत सारखा सांगावा लागतो. आई रागावते, आजी हसते आणि शिक्षक दुर्लक्ष करतात, अशी तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळाली तर मूल काहीच शिकत नाही.

खासगी जागा म्हणजे काय, हा प्रश्न संभाजीनगरच्या अनेक घरांत सोपा नाही. सिडको-हडकोच्या दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे राहतात. उन्हाळ्यात एका कूलरपुढे सगळे कुटुंब झोपते, नाहीतर गच्चीवर अंथरुणे पडतात. अशा घरात न्हाणीघराचे दार आणि ठरलेली वेळ हीच खासगी जागा. कपाटाआड पडदा लावून केलेला कोपराही चालतो. पण तो त्याचा आहे, तेथे सांगितल्याशिवाय कोणी येणार नाही, हा नियम घरातल्यांनीही पाळला पाहिजे. दार ठोठावून आत येणारी आई खासगीपणाचा धडा शब्दांशिवाय देते.

कोण काका, कोण परके?

मराठी बोलण्यात परका माणूस पटकन नातेवाईक होतो. रिक्षावाले काका, दुकानदार काका, शेजारचे दादा, वॉचमन मामा. 'काकांना पापा दे', 'मावशीच्या मांडीवर बस' हे प्रेमाने सांगितले जाते. इतर मुले वयानुसार या नात्यांतील अंतर ओळखू लागतात. शब्दावर विसंबणाऱ्या स्वमग्न मुलाला मात्र सख्खे काका आणि रिक्षावाले काका यांत फरक का करावा, हे कळत नाही. दोघांनाही एकच नाव आहे.

यासाठी विशेष शिक्षणात वर्तुळांची पद्धत वापरतात. मधल्या वर्तुळात मूल स्वतः. त्याबाहेर आई-वडील आणि भावंडे, त्यापुढे आजी-आजोबा आणि जवळचे नातेवाईक, मग मित्र व शिक्षक, मग ओळखीचे लोक आणि सर्वांत बाहेर अनोळखी. प्रत्येक वर्तुळाला रंग असतो आणि ठरलेला स्पर्श असतो. कोठे मिठी, कोठे हात मिळवणे, कोठे फक्त नमस्कार. रांगोळीने अंगणात काढता येईल इतकी ही कल्पना साधी आहे. माणसांचे फोटो त्या त्या वर्तुळात मुलाकडूनच ठेवून घ्यावेत. रिक्षावाले काका कोणत्या रंगात बसतात, हे एकदा डोळ्यांनी दिसले की नियम बसतो. मात्र ओळखीच्या, घरच्या माणसाकडूनही अत्याचार होतो. म्हणून 'चड्डीच्या आतल्या भागाला डॉक्टर आणि मदत करणारी ठरलेली व्यक्ती सोडून कोणी हात लावायचा नाही, लावला तर आईला सांगायचे' हा नियम सर्व वर्तुळांना लागू राहिला पाहिजे.

येथे आपल्या शिस्तीच्या कल्पनेचीही तपासणी करावी लागते. 'मोठ्यांचे ऐकावे' हा धडा स्वमग्न मुलांना थेरपीतून, शाळेतून, घरातून अहोरात्र दिला जातो. हात वर कर म्हटले की वर, बस म्हटले की बस. जे मूल प्रत्येक आज्ञा पाळते, ते वाईट हेतूने दिलेली आज्ञाही पाळते. 'नको' म्हणण्याचा सराव रोजच्या साध्या गोष्टींत हवा. आज कोणता शर्ट, भाजी आणखी हवी की नको, मिठी हवी की नको. बोलता न येणाऱ्या मुलासाठी 'नको'चे चित्र किंवा हाताची खूण गळ्यातल्या कार्डावर असावी. त्याच्या लहान नकाराला घरात मान मिळाला, तरच मोठ्या प्रसंगी तो नकार देईल.

नियमाची दुसरी बाजूही शिकवावी लागते. साडीच्या रेशमी काठाचा स्पर्श आवडणारा वीस वर्षांचा तरुण गुलमंडीच्या गर्दीत किंवा कर्णपुऱ्याच्या यात्रेत अनोळखी बाईच्या पदराला हात लावतो. त्याला फक्त रेशीम आवडते, पण तिच्या दृष्टीने ती छेड असते आणि जमाव विचारपूस करीत बसत नाही. एखाद्या मुलीकडे टक लावून पाहणे, तिच्या मागे चालत जाणे, तिला दिवसातून चाळीस संदेश पाठवणे यांचा अर्थ समोरच्या व्यक्तीला काय लागतो, हे या तरुणांना कोणीतरी नियम करून सांगितलेले नसते. उत्तर आले नाही तर दुसरा संदेश पाठवायचा नाही. कोणाचा फोटो तिला विचारल्याशिवाय पुढे धाडायचा नाही. स्वतःचा उघडा फोटो कोणालाही द्यायचा नाही. मोबाईल हातात येण्याआधी एवढे तीन नियम पाठ असावेत.

मैत्री, प्रेम आणि लग्न

स्वमग्न माणसाला माणसांची ओढच नसते, हा मोठा गैरसमज आहे. अनेकांना मैत्री हवी असते, प्रेम हवे असते, पण ते कसे मिळवावे हे ठाऊक नसते. अपेक्षाभंगाने येणारे नैराश्य आणि चिंता या वयात वारंवार आढळतात. काहींना खरोखरच जोडीदार नको असतो, हेही तितकेच स्वीकारायला हवे. समलैंगिक किंवा वेगळी लिंगओळख असलेल्यांचे प्रमाण स्वमग्न व्यक्तींमध्ये इतरांपेक्षा अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्दबातल केली. तेव्हा या विषयावरही मुलांच्या प्रश्नांना सरळ उत्तर देता आले पाहिजे.

'लग्न करून द्या, सगळे ठीक होईल' हा सल्ला देणारे नातेवाईक प्रत्येक घराला असतात. लग्नाने ऑटिझम जात नाही. लपवून लावलेले लग्न दोन आयुष्ये अडचणीत आणते. दुसरीकडे, ऑटिझम आहे म्हणून कायद्याने लग्नास सरसकट बंदी आहे असेही नाही. हिंदू विवाह कायद्याचा प्रश्न संमती देण्याच्या क्षमतेचा आहे. लग्न म्हणजे काय, जोडीदाराच्या गरजा काय, मूल झाल्यावर काय करावे लागते हे जिला किंवा ज्याला समजते, त्याने सर्व काही आधी सांगून लग्न करणे हा त्याचा अधिकार आहे. स्वमग्न व्यक्तींचे सुखाचे संसारही आहेत.

कायदा काय सांगतो?

१९९४ नंतर कायद्याची दिशा पुष्कळ बदलली. भारताने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ मध्ये स्वीकारला. त्यात विवाह, कुटुंब आणि प्रजननविषयक माहितीचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या, पण मूल हवे असलेल्या तरुणीचा गर्भपात तिच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाही, असा निकाल दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे दहावे कलम तर थेट याच विषयाचे आहे. प्रजनन व कुटुंबनियोजनाची माहिती दिव्यांगांना मिळेल याची व्यवस्था शासनाने करावी आणि वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय क्रिया व्यक्तीच्या स्वेच्छेच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करू नये, असे ते सांगते. शिरूरसारख्या शस्त्रक्रियांना आज कायद्यात जागा नाही.

अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्यास २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. मुलाच्या दिव्यांगत्वाचा फायदा घेऊन केलेला अत्याचार त्यात अधिक गंभीर मानला आहे. गुन्ह्याची माहिती असूनही ती पोलिसांना न देणे हाही गुन्हा आहे. शिक्षक, थेरपिस्ट, संस्थाचालक कोणीच त्यातून सुटत नाही. जबाब नोंदवताना मुलाची भाषा समजणाऱ्या विशेष शिक्षकाची मदत घेता येते. अठरा वर्षांवरील दिव्यांग पीडितेच्या बाबतीतही तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, दुभाषी वा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत तक्रार नोंदवून तिचे चित्रीकरण करण्याची तरतूद आहे. दिव्यांग व्यक्तीची साक्ष केवळ दिव्यांगत्वामुळे दुबळी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. बालकांसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक घरात मोठ्या अक्षरांत लावलेले असावेत.

अठराव्या वर्षानंतर निर्णयांसाठी मदत लागणाऱ्यांकरिता राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तरीय समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. हे पालकत्व म्हणजे त्या व्यक्तीच्या शरीरावरील मालकी नव्हे.

शहरात आणि शाळेत

कायद्याने दिलेला माहितीचा हक्क वर्गापर्यंत पोहोचला का, याचे उत्तर समाधानकारक नाही. महाराष्ट्राला या विषयाचे वावडे असण्याचे खरे तर कारण नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ एवढा काळ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून लैंगिक ज्ञान मराठीत आणले. तरीही २००७ मध्ये केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम नाकारणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. सर्वसाधारण शाळांतच ही स्थिती, तेथे विशेष शाळांतील मुलांचा विचार मागेच राहिला. युनेस्कोच्या २०१८ च्या सुधारित मार्गदर्शिकेत दिव्यांग मुलांनाही वयानुरूप लैंगिक शिक्षण मिळावे, असे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज अधोरेखित केली.

संभाजीनगरात आज पालकांना काही आधार उपलब्ध आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे घाटी, हे साऱ्या मराठवाड्याचे मोठे रुग्णालय. तेथे बालरोग, मनोविकार आणि स्त्रीरोग हे तिन्ही विभाग एका आवारात आहेत. अंबिका टाकळकर यांनी उभे केलेले 'आरंभ' हे केंद्र स्वमग्न मुलांसाठी शहरात काम करते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची व उपचारांची सोय आहे. सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीचे समुपदेशन २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालते. दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही राज्याने २०२२ मध्ये स्थापन केला. या सगळ्यांत लैंगिक शिक्षणाची चौकशी पालकांनी स्वतःहून करावी लागते, कारण विचारल्याशिवाय ते कोणी सांगत नाही. जालना, बीड, परभणीच्या खेड्यांतून येणाऱ्या आईला तर काय विचारावे हेही ठाऊक नसते.

येथे शाळांना फारसा खर्च न करता बरेच करता येईल. प्रत्येक मुलाच्या वार्षिक शैक्षणिक आराखड्यात नऊ-दहा वर्षांपासूनच शरीराची ओळख, खासगीपणा आणि नकार ही तीन उद्दिष्टे लिहावीत. स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी असावी. कपडे बदलताना कोण मदत करील, हे लेखी ठरलेले असावे. पालकसभेत वर्षातून एकदा हा विषय घ्यावा आणि त्या दिवशी वडिलांना मुद्दाम बोलवावे. घरी, शाळेत आणि थेरपीच्या वर्गात एकच शब्द, एकच चित्र, एकच नियम वापरला जावा. यातले काहीही करण्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही.

स्वमग्न मुलाच्या आईवडिलांना सर्वांत छळणारा प्रश्न 'आमच्यानंतर काय?' हा असतो. त्यासाठी ते पैसा साठवतात, पालक नेमतात, वसतिगृह शोधतात. त्या तरतुदीत आणखी एक गोष्ट मोडते. उद्या अनोळखी मदतनीसाच्या हाती जाणाऱ्या आपल्या मुलीला स्वतःचा पॅड बदलता यावा, न्हाणीघराचे दार लावता यावे, नको त्या हाताला 'नको' म्हणता यावे आणि झालेले कोणाला तरी सांगता यावे. हे शिकायला तिला इतरांपेक्षा अधिक वर्षे लागतील. म्हणून ते इतरांपेक्षा आधी सुरू करायचे.